परड्यातली रिंक आणि लग्नाची मेढ

म्हातारीनं पोरीच्या खेळापायी घरात भांडण लावलं, असं आमच्या भावकीत बोलतात. बारशाला बोलतात, तेराव्याला बोलतात, दुधाच्या डेअरीवर रांगेत उभं राहून बोलतात. मी समोर आले की गप्प होतात आणि गुडघ्यांची चौकशी करतात. लेक म्हणतो, "आई, तू मनावर घिऊ नगंस." मनावर घेणार. आणि लिहिणार पण. शाळा माझी चौथीत सुटली, नंतर वाचायला मी वाण्याच्या पुडीच्या कागदांवर शिकले. तेव्हा शुद्धलेखन ज्याला बघायचं त्यानं बघावं, मला माझा राग नीट सांगायचा आहे.

माझी नात सातवीत आहे आणि चाकांचे बूट घालून पळते. स्केटिंग म्हणतात त्याला. आमच्याकडं पोरानं एकतर तांबड्या मातीत उतरावं नाहीतर फुटबॉलला लाथ घालावी, एवढंच लोकांना खेळ म्हणून ठाऊक. पोरगी चाकांवर पळते म्हटल्यावर भावकीत हसणं झालं. मलाही सुरुवातीला पटत नव्हतं. पण एकदा सकाळी सोबत म्हणून तिच्या सरावाला गेले. ती वळणावर अशी कलली, एक हात पाठीवर टाकून, जमिनीला कान लावते की काय वाटावं, आणि आता पडणार म्हणून मी डोळे मिटेपर्यंत सरळ होऊन पुढं निघून पण गेली. मी जन्मभर शेणाच्या पाट्या डोक्यावर घेऊन पाय घासत चाललेली बाई. माझ्या रक्ताचं कोणीतरी असं जमिनीला न चिकटता जातंय, हे बघून मी तिथल्या दगडावर खाली बसले.

सराव चालायचा गावाबाहेर, नव्या प्लॉटांच्या रस्त्यावर. तिथं घरं झाली नव्हती तोवर रस्ता मोकळा होता. मग बांधकामं निघाली, वाळूचे डंपर यायला लागले. सांडलेल्या खडीत पोरीचं चाक अडकलं आणि ती डंपरच्या तोंडाशी जाऊन पडली. ड्रायव्हरनं वेळेवर ब्रेक मारला. हनुवटीवर टाके पडले, तेवढ्यावर निभावलं. माझा लेक कागलच्या एमआयडीसीत कामाला आहे. तो मशीनवरनं तसाच, ऑइलच्या कपड्यात दवाखान्यात आला आणि म्हणाला, बास झालं, आता रस्त्यावर जायचं नाही. चांगली जागा शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, पण नेणार-आणणार कोण? लेकाच्या पाळ्या, सून शाळेत शिकवते, आणि मला घरातनं मोरीपर्यंत जायला भिंत धरावी लागते. पोरीनं वाद घातला नाही. बूट पिशवीत घातले आणि माळ्यावर टाकले. आदळआपट केली असती तरी मला बरं वाटलं असतं.

नंतर ती जेवताना फोनवर एकच व्हिडिओ बघत बसायची. कुठल्यातरी गार मुलकात एक माणूस घरामागं फळ्यांची चौकट करतो, त्यात पाइपनं पाणी सोडतो, सकाळी बघावं तर सगळ्याचा बर्फ. मग त्याची पोरं पात्याचे बूट घालून त्यावर घसरत फिरतात. मला दाखवून म्हणाली, "आज्जी, ह्यांच्या परड्यातच रिंक हाय बघ."

मी म्हटलं, "आपल्या परड्यात पाणी सोडलं तर डास हुत्यात बाई, आणि शेवाळ. बर्फ आपल्याकडं रसाच्या गाड्यावर, त्योबी भुशात गुंडाळलेला."

टाके पडल्यापासनं ती पहिल्यांदा हसली. पण माझ्या डोक्यात ते परडं राहून गेलं. आमच्या घरामागं गोठ्याची जागा नुसती पडून होती. गुडघे गेल्यावर मी शेवटची म्हैस विकली. तेव्हापासनं तिथं मोडकी गव्हाण, गवत आणि मांजरं. बर्फ होणार नाही, पण सिमेंट तर होतं? चाकांना तेवढं पुरतं. म्हशीचे पैसे मी तीर्थयात्रेला म्हणून ठेवले होते. देव कुठं पळून जात नाही, पोरीचं वय जातं.

आता जागेचं सांगून टाकते, कारण भांडण तिथनंच निघालं. मालक गेल्यावर माझी आणि धाकट्या दिरांची वाटणी झाली. घराला घर लागून आहे, मधे एक भिंत. दिरांनी रस्त्याकडची मोकळी जागा मागून घेतली, तिला मोल आहे. माझ्या वाट्याला मागचं परडं आलं, मी हूं की चूं केलं नाही. दिरांनी पुढच्या जागेत छान रंगीत ब्लॉक बसवले, वर पत्रा घातला, गाडी लावली. त्या ब्लॉकवर मांजर गेलं तरी जाऊबाई फडकं घेऊन धावतात.

संक्रांत झाल्यावर गवंडी बोलावला. माणूस चांगला, हाताला सफाई. पण त्याला "ढाळ नको" हे काही केल्या पटेना. आपल्याकडं अंगण करायचं, न्हाणी करायची, गच्ची करायची, तर पहिली गोष्ट पाण्याला उतार. तो म्हणाला, "आक्का, ढाळ न्हाई असला कोबा मी उभ्या जन्मात केला न्हाय. पाणी कुठं जाणार?" मी म्हटलं, पाणी मी खराट्यानं लोटीन, पण चाक एका बाजूला ओढता कामा नये. त्यानं मान डोलावली, आणि खालच्या थराला गुपचूप ढाळ दिलाच. मला संशय आला म्हणून मी मधोमध तांब्याभर पाणी ओतलं, तर ते सरळ मोरीकडं चालू लागलं. गवंडी लाजून म्हणाला, हात आपसूक तिकडं जातो. मग माझ्या खुर्चीपुढं त्यानं पाण्याची नळी लावून कोपरा न् कोपरा एका पातळीत घेतला आणि वरचा थर घोटून घोटून असा केला की त्यात माझं तोंड दिसेल.

कोबा तडकू नये म्हणून चारी बाजूंनी मातीचे बांध घातले आणि आत पाणी कोंडलं. ढाळ नसल्यामुळं पाणी कुठं जाईना, आरशासारखं उभं राहिलं. त्यात आभाळ, शेजारचा नारळ, वाळत घातलेल्या साड्या सगळं उलटं. पोरगी मागल्या दारात बसून म्हणाली, "आज्जी, निस्तं गोठायचं राह्यलंय." त्या दिवसांत माझ्या घरात कोणी माझ्याशी वाकडं बोललं तरी मला ऐकू येत नव्हतं, इतकी मी खूश होते.

पाणी काढलं, जमीन वाळली, माळ्यावरनं बूट उतरले. जागा काही मोठी नाही, पण वळणं घोटायला पुरे. सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत ती गोल गोल फिरायची आणि मी खुर्चीत बसून भाजी निवडायची.

मग मिरच्यांचे दिवस आले. कोल्हापूरच्या बाईला ऊन आणि स्वच्छ जमीन एका जागी दिसली की तिला वर्षाची चटणी आठवते. पहिल्या जाऊबाई आल्या, पाटीभर मिरच्या घेऊन. मग गल्लीतल्या आल्या, कुणी धने, कुणी कुरडयांचा चीक. मी सगळ्यांना परत पाठवलं. मिरचीचं एक बी चाकाखाली आलं तर पोरगी तोंडावर पडेल, हे मी हात जोडून समजावलं. गल्लीतल्या बायका चार दिवस फुगल्या आणि विसरल्या. जाऊबाई विसरल्या नाहीत. म्हणाल्या, एवढी मोठी जागा एका पोरीच्या पायाला, आणि आमची चटणी गच्चीवर.

आणि वैशाखात दिरांच्या मुलाचं लग्न निघालं.

आमच्या घराण्यात कुणाचंही लग्न असो, मुहूर्तमेढ त्या परड्यात रोवायची रीत आहे. खड्डा काढायचा, त्यात हळदकुंकू, दूध, सुपारी घालायची, आणि आंब्याच्या डहाळ्या बांधलेला लाकडी खांब उभा करायचा. तो उभा राहिला की लग्न लागलंच समजायचं. मधे त्याला हलवायचं नाही. माझ्या लग्नात मेढ तिथंच होती, लेकाच्या लग्नात तिथंच. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी आधी जाऊन दिरांना म्हटलं, भावजी, आता खाली कोबा झालाय. ड्रमात परड्याचीच माती भरू, त्यात मेढ रोवू, फ्लॅटमधली माणसं तसंच करतात. लग्न झालं की आठवड्यानं पोरीची राज्याच्या संघासाठी निवड आहे, तिचा सराव मोडायला नको. भावजी म्हणाले, "बघूया."

लग्नाच्या आधी जाऊबाईंनी मला सांगितलं, तुम्ही थोरल्या, जयसिंगपूरच्या तुमच्या बहिणीकडं पत्रिका घेऊन तुम्हीच गेलं पाहिजे, दुसरं कुणी गेलं तर मान राहत नाही. माझा मान ठेवतात म्हणून मी फुगले, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी एसटीत चढले. बहिणीकडं जेवले. संध्याकाळी परत आले तर मागल्या दारात पोरगी गुडघ्यात डोकं घालून बसलेली, आणि परड्यात मधोमध मेढ उभी.

खोदून नाही. मशीन आणून. रस्ता फोडायला आणतात ते मशीन लावून कोब्याला भोक पाडलं होतं आणि तिथनं दोन्ही बाजूंना भेगा गेल्या होत्या. सगळीकडं पांढरा चुरा. लेक कामावर, सून शाळेत निकालाच्या कामाला, मी एसटीत. घरात पोरगी एकटी. तिनं सांगितलं की ती मशीनला आडवी गेली होती, म्हणाली होती आज्जी येईपर्यंत थांबा. त्यावर तिचा चुलत आजा हसून काय म्हणाला, तर, "अगं, तुझ्या लग्नाची मेढ बी हितंच रोवायची हाय. तवा आमालाच हाक मारशील." आणि सवाष्णींनी हळदकुंकू वाहिलं, आणि पेढे वाटले. तिच्या हातावर पण एक ठेवला. तो तिनं मुठीत धरून चुरगाळला होता, हात चिकट झाला होता, तो मी धुतला.

मला कशासाठी जयसिंगपूरला धाडलं ते तेव्हा कळलं. एका दगडात दोन कामं. कोब्याची राखणदार गेली, आणि मेढीच्या वेळी विधवा बाई समोर नको ते पण झालं.

मी तशीच, पिशवी हातात, दिरांच्या दारात गेले. घर पाहुण्यांनी भरलेलं. मी कुणाची भीडभाड ठेवली नाही. म्हटलं, "भावजी, ड्रमात रोवायचं ठरलं होतं."

"ठरलं कुठं? मी बघूया म्हटलंतं."

"मग बघितलंसा?"

"बघितलं की. वहिनी, चार पिढ्या तितं मेढ रोवलीया. पोरीच्या खेळापायी घराची रीत मोडायची व्हय?"

"रीत मातीत रोवायची हाय, मशीन लावून न्हाय. आणि माती पायजे हुती तर तुमच्या दारात हे ब्लॉक हैत की. चार उचकटायचे."

त्यावर कोण बोललं असेल? जाऊबाई. म्हणाल्या, "ते कसं उचकटायचं? एकदा निघालं की परत सारखं बसत न्हाईत."

एक पाहुणा हसला. मी हसले नाही. मला तेव्हा वाटलं होतं की ते ब्लॉक एकेक उचलून गटारात टाकावेत. लेकानं मला दंडाला धरून घरी आणलं. तो बिचारा दोन्हीकडनं वाकणारा. म्हणाला, लग्न पार पडू दे, मग बोलू. मी म्हटलं, तुझी पोरगी कधी पार पडायची?

लग्न झालं. मी गेले, अक्षता टाकल्या, पोराला जवळ घेतलं. पोरगं चांगलं आहे, त्याचा काही गुन्हा नाही. पण जेवले नाही. पंगतीला बसले आणि उठले, आणि लोकांनी ते बघितलं ते बरंच झालं.

माझ्या नातीनं मेढीच्या भोवती सराव करून बघितला. भेगेत चाक जायचं, ती दचकायची, मेढीला धक्का लागला की शेजारनं जाऊबाई ओरडायच्या. निवडीला गेली आणि मागं राहिली. चाकं जिथं कलवायची तिथंच ती उचलून धरायला लागली होती, असं तिच्या सरांनी सांगितलं. भेग असलेल्या जमिनीवर आठवडाभर पाय वाचवत फिरलेली पोरगी चांगल्या जमिनीवर पण पायच वाचवत राहिली. आणि भावकी काय म्हणते? नशिबात नव्हतं.

मी दिरांकडं निरोप धाडला, आता मेढ काढा, मला कोबा दुरुस्त करायचाय. उत्तर आलं, नवराबायको जोतिबाला जाऊन आले की मग काढायची, तशी रीत आहे. कधी जाणार? मुलाला रजा नाही. आणि त्याच आठवड्यात जाऊबाईंनी गल्लीभर फोन फिरवला: नवराबायको मनालीला, लाल कोट घालून बर्फात उभे. बर्फात उभं राहायला रजा होती. जोतिबाचा डोंगर घरापासनं दिसतो, तिथं जायला नव्हती.

तरीही मी गप्प राहिले असते, खरं सांगते. माणसं लाजेकाजेला गप्प राहतात, मी जन्मभर राहिले. पण एका सकाळी मी नातीला म्हटलं, मेढ आहे तोवर कडेकडेनं तरी फीर, पाय धरतील. ती वर बघेना. म्हणाली, "नगं आज्जी. ती जागा त्यांची हाय."

मी पोरीला जमीन करून दिली होती. तिच्या डोक्यातनं तीच काढून घेतली त्यांनी. भोक बुजवता आलं असतं, हे कसं बुजवणार?

मी आंघोळ केली. धुवट लुगडं नेसले. ताटात हळदकुंकू, नारळ, फूल घेतलं आणि गवंड्याला बोलावून घेतलं. भर सकाळी, सगळी गल्ली जागी असताना. मेढीला पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. हात जोडून म्हटलं, देवा, पोरांचा संसार सुखाचा कर, पण हितनं ऊठ. आणि खांबाला हात घातला.

जाऊबाई भिंतीपलीकडनं धावत आल्या. "अवो, तुमी हात लावू नगासा. तुमचा हात..." आणि थांबल्या.

मी म्हटलं, "बोला की. माझा हात कसा काय?"

त्यांनी पदर सारखा केला.

"ह्याच हातानं तुमच्या पोराला पायावर घिऊन न्हाऊ घातलं. तुमी बाळंतपणात अंथरुणावर होता तवा. तवा चालला की ह्यो हात."

मागं गवंडी तोंड फिरवून उभा होता. भावजी आले, बनियनवर. मला वाटतं मी रडेन याची वाट बघत होते. मी रडले नाही. गवंड्यानं खालनं सैल केली, मी आणि नातीनं मिळून मेढ उचलली. हो, ती मागल्या दारातनं कधी आली आणि दुसऱ्या टोकाला कधी हात लावला ते मला कळलं नाही. आम्ही ती नेऊन दिरांच्या रंगीत ब्लॉकवर नीट भिंतीला टेकवली, डहाळ्या खालच्या बाजूला येऊ दिल्या नाहीत. देवाचा मान मी ठेवला. देवानंही कुणाचं काही वाकडं केलं नाही. नवराबायको पुण्यात खुशाल आहेत, नवी सून मला फोन करते.

भोक बुजवलं. गवंडी म्हणाला, आक्का, ठिगळ ते ठिगळच राहणार, जुन्या कोब्याला नवा माल एकजीव होत नाही. खरंच झालं नाही. बोटभर कड उभी राहिली. पोरगी आता त्यावरनं जाते. आधी वळसा घालायची. एकदा म्हणाली, रस्त्यावर तरी काय सगळं सपाट असतं का, आणि सरळ वरनं गेली. पुढच्या निवडीला जाणार आहे. काय होईल ते होईल.

जाऊबाई बोलत नाहीत. मी पण बोलत नाही. लेकाला वाटतं मी पहिल्यांदा जावं, मी थोरली. थोरली म्हणून जयसिंगपूरला जाऊन आले एकदा, तेवढं पुरे.

परवा दुपारी भावजी मागल्या दारात आले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मला वाटलं, आता माणूस दोन शब्द बोलेल. ते म्हणाले, "वहिनी, पोरीला जरा सांगा. दुपारचं चाकाचा आवाज हुतोय. खाड खाड. डोळा लागत न्हाय."

मी म्हटलं, "ती खाड खाड ठिगळाची हाय, भावजी. आधी सपाट हुतं तवा कधी आलता आवाज?"

त्यांनी एकदा त्या ठिगळाकडं बघितलं. मी बसा म्हटलं नाही, चहा विचारला नाही. मग गेले. नात मधेच थांबून माझ्याकडं बघत होती. "आज्जी, थांबू व्हय?"

मी म्हटलं, "थांबून तर बघ."